विषारी रसायनं, सरकारांचा पैसा आणि अर्ध्यावर थांबलेली कामं

रानवारा (धागाकर्ता)

व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह सिटीच्या जवळ बिएन होआ नावाचा हवाई तळ आहे. युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्य जंगलं उजाड करायला जे तणनाशक विमानातून फवारायचं, त्या एजंट ऑरेंजची पिंपं इथे साठवलेली असायची. पिंपं गळली, भरताना सांडलवंड झाली आणि त्यातलं डायॉक्सिन जमिनीत जाऊन बसलं. युद्ध संपून पन्नास वर्षं झाली तरी ते तिथून हललेलं नाही. डायॉक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीच्या कणांना चिकटून राहतं. त्यामुळे माती वाहून जाईल तिथे तेही जातं. पावसात तळ्यांकडे, तळ्याच्या गाळात, गाळातून माशांत आणि माशांतून माणसांत.

२०१९ मध्ये यूएसएडने, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेने, व्हिएतनाम सरकारबरोबर या तळाची सफाई हाती घेतली. दूषित माती आणि गाळ मिळून साधारण ५ लाख घनमीटर. कित्येक वर्षांचं काम. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत एका फटक्यात गोठवली आणि काम जिथे होतं तिथे थांबलं. खणून काढलेली माती उघड्यावर, वर ताडपत्री. ठेकेदारांची बिलं अडकली. काही आठवड्यांनी काम पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली, पण वाया गेलेले दिवस पावसाळ्याच्या तोंडावरचे होते.

हा प्रसंग वाचल्यापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत चालली आहे, तीच मांडायला धागा काढतोय. परदेशातलं विषारी प्रदूषण कमी करायला सरकारं पैसा देतात तेव्हा चर्चा बहुतेक वेळा 'किती दिला' यावर होते. मला वाटतं, तो सलग मिळतो का हा प्रश्न आधी यायला हवा. शाळेची इमारत अर्धी बांधून सोडली तर पैसे वाया जातात, पण मुलांना इजा होत नाही. डायॉक्सिनची जमीन अर्धी खणून सोडली तर ती खणण्याआधी होती त्याहून धोकादायक होते.

या क्षेत्रात पैसा येण्याच्या दोन मोठ्या वाटा आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला. त्याचा स्वतःचा बहुपक्षीय निधी १९९१ पासून चालू आहे. दर तीन वर्षांनी किती पैसे लागतील हे ठरतं, मग श्रीमंत देशांचे वाटे संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीच्या प्रमाणात ठरतात. २०२४ ते २०२६ साठी ९६.५ कोटी डॉलर ठरले. खर्च मंजूर करणाऱ्या कार्यकारी समितीवर १४ देश असतात, ७ पैसे देणाऱ्या गटातले आणि ७ घेणाऱ्या.

दुसरी वाट जीईएफची, म्हणजे जागतिक पर्यावरण सुविधा निधीची. डीडीटी, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असतं ते), डायॉक्सिन यांसारख्या वर्षानुवर्षं न विघटणाऱ्या विषांसाठी २००१ चा स्टॉकहोम करार आहे, पाऱ्यासाठी २०१३ चा मिनामाता करार आहे, आणि दोन्हींचा मुख्य पैसा जीईएफमधून येतो. दर चार वर्षांनी देश स्वेच्छेने आकडा जाहीर करतात. जुलै २०२२ ते जून २०२६ या फेरीत २९ सरकारांनी मिळून ५३३ कोटी डॉलर कबूल केले. त्यात हवामान, जैवविविधता, जमीन, समुद्र हे सगळं आलं. रसायनं आणि कचरा यांच्या वाट्याला चार वर्षांसाठी सुमारे ८० कोटी.

मॉन्ट्रियल करारात ज्यांच्यावर बंदी आली त्या पदार्थांपैकी जवळजवळ ९९ टक्के आज वापरातून गेलेत. ठरलेल्या वर्गणीचा त्यात मोठा हात आहे असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

टिटवी

वाचतेय. एक प्रश्न: डायॉक्सिन इतकं चिवट असेल तर माती साफ करतात म्हणजे नक्की काय करतात? दुसरीकडे नेऊन पुरतात का?

रानवारा

टिटवी, थोडी माती पुरतातही. पण जिथे विषाचं प्रमाण फार आहे ती भाजतात. बिएन होआच्या आधी दा नांगच्या विमानतळावर हेच केलं, २०१२ ते २०१८. काँक्रीटच्या भिंतींचा एक प्रचंड हौद बांधला, फुटबॉलच्या मैदानाएवढा. त्यात माती भरली, वरून झाकली आणि आत शेकडो तापनळ्या उभ्या घातल्या. सगळी माती किमान ३३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून महिनोन्‌महिने तशी ठेवतात. या उष्णतेला बहुतेक डायॉक्सिन जागीच मोडतं. जे वाफेबरोबर बाहेर येतं ते ओढून घेऊन थंड करून गाळतात. साधारण ९० हजार घनमीटर माती दोन खेपांत अशी भाजली. सगळा खर्च १० कोटी डॉलरच्या वर गेला.

मातीचा गाभा तापायलाच फार वेळ लागतो. मध्येच पैसे थांबले आणि वीज बंद झाली तर पुन्हा पहिल्यापासून तापवायचं. या कामाला 'यंदा देऊ, पुढच्या वर्षी बघू' असा पैसा चालतच नाही.

निरंजन_३

लेख कळकळीने लिहिलाय, पण मूळ गृहीतकाशीच मी असहमत आहे. व्हिएतनामचं उदाहरण सोडा. तिथे अमेरिकेने स्वतः केलेली घाण आहे, तिनेच निस्तरायला हवी. बाकी ठिकाणी काय? एका देशातल्या कारखान्याने केलेलं प्रदूषण दुसऱ्या देशातल्या करदात्याने का साफ करायचं? घाण करणाऱ्याने पैसे मोजावेत हे तत्त्व सगळ्यांना मान्य आहे ना? मग सरकारी मदत देऊन आपण कारखानदारांना मोकळं सोडतोय असं होत नाही का? आणि प्रत्येक देशात घरची निकड संपलेली नाही. स्वतःच्या नद्या नासलेल्या असताना बाहेर पैसे पाठवणं मतदारांना कसं समजवायचं?

केतकी_म

निरंजन, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं निम्मं उत्तर कॅनडाच्या उत्तर टोकाला सापडतं.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्यूबेकमधले संशोधक आईच्या दुधातलं पीसीबी मोजत होते. तुलनेसाठी त्यांना स्वच्छ नमुने हवे होते म्हणून त्यांनी क्यूबेकच्याच पार उत्तरेच्या नुनाविक भागातल्या मूळनिवासी इनुइट बायकांचं दूध घेतलं. शेकडो मैलांत कारखाना नाही, शेती नाही, फवारणी नाही. त्या दुधात पीसीबी दक्षिण क्यूबेकमधल्या बायकांच्या सुमारे पाचपट निघालं.

कारण असं की ही रसायनं उष्ण प्रदेशात हवेत उडतात, थंडीत खाली बसतात, पुन्हा उडतात, आणि असं करत ध्रुवाकडे सरकत जातात. तिथे ती चरबीत साठतात. लहान माशांतून मोठ्या माशांत, त्यांच्यातून सील आणि व्हेलमध्ये. इनुइटांचं अन्न तेच. त्या बायकांनी आयुष्यात पीसीबीचा डबा पाहिला नसेल. त्यांच्या सरकारने स्वतःच्या हद्दीत कितीही कडक कायदा केला असता तरी हे थांबलं नसतं. स्टॉकहोम करार घडवून आणण्यात उत्तर ध्रुवाकडच्या लोकांचा आवाज मोठा होता तो यामुळेच.

पाऱ्याचंही तेच. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्यात सगळ्यात मोठा वाटा, ३७-३८ टक्के, हाताने सोनं काढणाऱ्या छोट्या खाणींचा आहे. दळलेल्या धातुकात पारा मिसळतात, तो सोन्याला धरतो, तो गोळा फडक्यात घालून पिळतात आणि मग चुलीवर किंवा गॅसच्या ज्योतीवर जाळतात. पारा उडून जातो, सोनं राहतं. हे घरात, मुलं शेजारी बसलेली असताना चालतं. वाफ आधी त्या कुटुंबाच्या फुप्फुसात जाते, आणि उरलेली कित्येक महिने हवेत फिरून कुठल्या तरी समुद्रात उतरते. तिथून मासे, आणि मासे तर सगळं जग खातं. जीईएफच्या पैशातून चालणारा प्लॅनेटगोल्ड कार्यक्रम आज वीसहून जास्त देशांत पाऱ्याशिवाय सोनं काढायची यंत्रं आणि त्यासाठी कर्ज मिळवून द्यायचं काम करतो. त्यात पैसे घालणारा देश आपल्या पोरांच्या ताटातल्या माशासाठीही पैसे घालतोय, हे मतदाराला सांगता येतं.

जाता जाता: 'देणारे' आणि 'घेणारे' अशी सरळ फाळणी राहिलेली नाही. भारत जीईएफमध्ये पैसे घालणाऱ्यांतही आहे आणि त्यातून प्रकल्प घेणाऱ्यांतही.

मंदार

केतकींचं पटलं. उरलेल्या निम्म्या उत्तराबद्दल मी लिहितो. घाण करणाऱ्याने पैसे मोजावेत हे खरंच, पण अनेकदा वसुली कोणाकडून करायची हेच उरलेलं नसतं.

झांबियामधलं काब्वे बघा. १९०४ पासून १९९४ पर्यंत तिथे शिसं आणि जस्ताची खाण आणि भट्टी चालली. नव्वद वर्षांत ब्रिटिश वसाहतीचा काळ आला आणि गेला, खाजगी मालक बदलले, खाण सरकारी झाली आणि शेवटी बंद पडली. मागे राहिले कचऱ्याचे काळे डोंगर. वारा सुटला की त्याची भुकटी अंगणात येते. रांगणारी मुलं हात तोंडात घालतात आणि शिसं पोटात जातं.

२०१६ मध्ये जागतिक बँकेने ६.५६ कोटी डॉलरचा प्रकल्प मंजूर केला. काही घरांची अंगणं साफ झाली, मुलांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, औषधं मिळाली. पण मूळ डोंगर जागेवरच आहेत. त्या कचऱ्यातून उरलासुरला धातू काढायचे परवानेही दिले गेले, म्हणजे बसलेली भुकटी पुन्हा उकरली जाते. अंगण साफ करून शेजारचा डोंगर तसाच ठेवला तर ते अंगण किती दिवस साफ राहणार? शिवाय हा पैसा अनुदान नाही, कर्ज आहे. वसाहतकाळापासूनच्या विषाची सफाई झांबियाचे आजचे लोक कर्ज काढून करतायत. हे मला अन्यायाचं वाटतं.

रानवारा, तुमच्या एका मुद्द्यावर मात्र हरकत आहे. मॉन्ट्रियल कराराशी तुलना फार ताणू नका. सीएफसी, म्हणजे फ्रिजमध्ये वगैरे वापरले जाणारे ओझोन खाणारे वायू, बनवणारे कारखाने जगात मोजके होते, पर्याय तयार होते आणि ते विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या त्याच होत्या. शिसं आणि पारा असा एका जागी धरता येत नाही. कोट्यवधी लोकांची पोटं त्यावर चालतात.

रानवारा

मंदार, मान्य, सीएफसीचं काम तुलनेने सोपं होतं. पण तिथेही २०१८ मध्ये उघडकीस आलेली गोष्ट विसरू नका. सीएफसी-११ चं उत्पादन जगभर बंद झालेलं असायला हवं होतं आणि हवेतलं प्रमाण घटण्याचा वेग अचानक मंदावला. कुठेतरी चोरून उत्पादन चालू होतं. दक्षिण कोरियातलं गोसान आणि जपानमधलं हातेरुमा या दोन बेटांवरच्या हवा मोजणाऱ्या केंद्रांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये बोट पूर्व चीनवर ठेवता आलं. त्यानंतर हे उत्सर्जन झपाट्याने खाली आलं.

ही केंद्रं वर्षानुवर्षं, काहीही सनसनाटी सापडत नसतानाही, हवा मोजत होती. कोणीतरी दरवर्षी त्यांचे पगार आणि विजेची बिलं भरत होतं. मोजणी एखादं वर्ष बंद ठेवता येत नाही. बंद ठेवलेल्या वर्षात काय झालं ते नंतर कळायला मार्ग नसतो.

सुहासिनी

मी लहान मुलांची डॉक्टर आहे, शिशाच्या विषबाधेशी माझा थेट संबंध येतो. 'सलग पैसा' या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन, आणि 'वेळेवर पैसा' हाही त्यात घाला अशी विनंती.

२०१० मध्ये नायजेरियाच्या झाम्फारा राज्यात काही गावांत मुलं पटापट मरू लागली. झटके यायचे, मूल बेशुद्ध व्हायचं आणि संपायचं. आधी मलेरिया वाटला. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या लोकांनी रक्त तपासायला पाठवलं तेव्हा शिसं निघालं. त्या भागातल्या सोन्याच्या दगडात शिशाचं प्रमाण प्रचंड होतं, आणि गावातले लोक तो दगड धान्य दळायच्या यंत्रात, घराच्या आवारातच दळत होते. काही महिन्यांत ४०० हून जास्त मुलं गेली.

आता उपचारांचं सांगते. रक्तातलं शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं आहेत. पण मूल औषध घेऊन त्याच धुळीच्या अंगणात परत गेलं की काही आठवड्यांत पातळी पुन्हा वर. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी ठरवलं की घर-अंगण साफ झाल्याशिवाय त्या गावात उपचार सुरू करायचे नाहीत. वरची काही सेंटिमीटर माती खरवडून काढायची, चांगली माती पसरायची, मग औषध. सात गावं अशी साफ झाली. सगळ्यात मोठं गाव, बागेगा, राहिलं. २०१२ च्या मे महिन्यात नायजेरिया सरकारने ८५ कोटी नायरा जाहीर केले. ते प्रत्यक्ष सुटले जानेवारी २०१३ मध्ये.

त्या आठ महिन्यांत औषध तयार होतं, डॉक्टर तयार होते, मुलांची नावं माहीत होती. फक्त फाइल पुढे सरकत नव्हती. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूसाठी आठ महिने म्हणजे काय, ते मी रोज पाहते. मेंदूचं जे नुकसान होऊन गेलं ते औषधाने भरून येत नाही. नंतर रक्तातलं शिसं शून्यावर आणलं तरी नाही.

टिटवी

सुहासिनीताई, वाचून सुन्न झाले.

जरा वेगळं उदाहरण देते, कारण प्रत्येक वेळी दहा-दहा कोटी डॉलर लागतातच असं नाही. बांगलादेशात हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून पॉलिश करताना त्यांवर लेड क्रोमेट चोळायचे. फर्निचरच्या आणि गाड्यांच्या रंगात असतं तेच पिवळं. स्टॅनफर्ड आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी संस्थेच्या संशोधकांनी गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढत काढत हळदीपर्यंत मजल मारली. शिशाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) जुळवून दाखवलं की रक्तातलं शिसं हळदीतल्या शिशाशी जुळतंय.

२०१९ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केले. सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बाजारात नोटिसा लावल्या, घाऊक बाजारात छापा घातला, हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने तिथल्या तिथे हळद तपासली, दंड केला आणि हे सगळं टीव्हीवर दिसलं. बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांत शिसं सापडायचं प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होतं, २०२१ मध्ये शून्य.

मला यात आवडलं ते हे की बाहेरचा पैसा संशोधनाला आणि तपासणीला लागला, आणि कारवाई देशाच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनी केली. मातीत गेलेलं शिसं काढायला लाखो टन माती उपसावी लागते. हळदीतलं शिसं घालायचं थांबवलं की संपलं.

केतकी_म

टिटवीच्या उदाहरणावरून एक रुतणारी गोष्ट आठवली. शिशासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करारच नाही. पाऱ्याला आहे, डीडीटी-पीसीबीला आहे, धोकादायक कचऱ्याच्या वाहतुकीला बाझेल करार आहे. शिशाला नाही. आणि जीईएफसारखा निधी करारांच्या मागे चालतो. त्यामुळे शिसं घातलेले रंग बंद करण्यासारख्या कामांना थोडे पैसे मिळतात, पण ते आडवाटेने.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही स्वयंसेवी संस्था यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे जवळजवळ ८० कोटी मुलांच्या, रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे. धाग्यात वर रसायनं आणि कचऱ्यासाठीचा चार वर्षांचा निधी आला आहे, तोही ८० कोटी डॉलर. तो सगळाच्या सगळा शिशाला दिला असता तरी चार वर्षांत मुलामागे एक डॉलर.

सप्टेंबर २०२४ मध्ये युनिसेफ आणि यूएसएडच्या पुढाकाराने शिसेमुक्त भविष्यासाठी भागीदारी सुरू झाली, सुरुवातीलाच सुमारे १५ कोटी डॉलरची आश्वासनं मिळाली. मला खूप आनंद झाला होता. चार-पाच महिन्यांत यूएसएडच मोडीत निघाली. भागीदारी अजून आहे, पण तिच्या दोन खांबांपैकी एक गेला.

निरंजन_३

केतकी आणि सुहासिनी, तुमच्या प्रतिसादांनंतर 'का द्यायचे' हा माझा आक्षेप बराच सैल झालाय. हवेतून येणारं विष सीमा पाळत नाही, हे मान्य. पण 'कुठे जातात' हा आक्षेप कायम आहे. हा पैसा संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, सल्लागार, कार्यशाळा आणि विमानाची तिकिटं यांतच जिरतो असं वाचायला मिळतं. आतून बघितलेलं कोणी आहे का इथे?

अनंतफंदा

बरेच दिवस फक्त वाचत होतो, या प्रश्नासाठी लिहितोय. अशा प्रकल्पांचे हिशेब आणि अहवाल बघण्यात माझी नोकरी गेली.

जीईएफचा पैसा सरकारच्या हातात थेट जात नाही. मध्ये अंमलबजावणी संस्था असते: संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपी आणि युनिडो, जागतिक बँक वगैरे. तिचं शुल्क ठरलेलं आहे. १ कोटी डॉलरपर्यंतच्या अनुदानावर ९.५ टक्के, त्याहून मोठ्या अनुदानावर ९ टक्के. हे उघड आहे आणि माझ्या मते अवाजवी नाही. वेळ मात्र जातो. मोठ्या प्रकल्पाची संकल्पना मंजूर झाल्यावर सविस्तर आराखड्याला १८ महिन्यांपर्यंत मुदत असते. त्यानंतर देशातल्या सह्या, नेमणुका, निविदा. पहिलं पिंप हलेपर्यंत मंत्री बदललेला असतो.

'सहवित्त' म्हणून जो मोठा आकडा अहवालात दिसतो तो नीट बघावा. जीईएफच्या एका डॉलरमागे बाकीच्यांनी सात घालावेत असं उद्दिष्ट आहे. त्यातला बराच भाग रोख नसतो. सरकारी अधिकाऱ्यांचा वेळ, कार्यालयाची जागा, आधीच ठरलेले खर्च असं बरंच काही धरलं जातं. 'अमुक कोटींचा प्रकल्प' असं बातमीत आलं की त्यातलं खरं नवं अनुदान किती हे विचारावं.

आता मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट. एका प्रकल्पात कीटकनाशकांचे अंश आणि पीसीबी मोजायला सरकारी प्रयोगशाळेला गॅस क्रोमॅटोग्राफ घेऊन दिला. उत्तम यंत्र. दोन मुलींना परदेशात प्रशिक्षण दिलं, दोघी हुशार. प्रकल्पाची मुदत संपली. यंत्राला शुद्ध वायूचे सिलिंडर लागतात, आतली नळी (स्तंभ) बदलावी लागते, तुलनेसाठीची प्रमाण द्रावणं मागवावी लागतात, कंपनीशी देखभालीचा करार लागतो. यातल्या एकाही गोष्टीसाठी प्रयोगशाळेच्या वार्षिक अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. मी मूल्यमापनाला गेलो तेव्हा यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर होतं आणि खाली नोंदवही. त्यातली शेवटची नोंद प्रकल्प संपल्याच्या महिन्यातली. त्या दोघींपैकी एक खाजगी कंपनीत गेली होती, दुसरी तिथेच आवक-जावकचं काम बघत होती.

इथे चोरी कोणी केली नव्हती. हिशेब चोख होते, यंत्र यादीप्रमाणे हजर होतं. तरी पैसे गेलेच. निरंजन, भ्रष्टाचार असतो, नाही म्हणत नाही, पण मी जितका पैसा भ्रष्टाचारात जाताना पाहिला त्यापेक्षा जास्त असा मुदत संपून गेलेला पाहिलाय. प्रकल्प चार-पाच वर्षांचा असतो, प्रयोगशाळा तीस वर्षं चालवायची असते.

मंदार

अनंतफंदा, फार मोलाचा प्रतिसाद.

यावर एक तोडगा बऱ्याच वर्षांपासून टेबलावर आहे. आयपेन आणि सीआयईएल या पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थांनी २०२० मध्ये मांडलं की मूळ रसायनांच्या उत्पादनावर सगळ्या देशांनी मिळून अर्धा टक्का आकार (शुल्क) लावावा. जगात या रसायनांची उलाढाल सुमारे २,३०,००० कोटी डॉलर धरली तर वर्षाला ११५० कोटी डॉलर उभे राहतात. तेही दरवर्षी, कोणाच्या निवडणुकीवर न अवलंबता, आणि घाण करणाऱ्या उद्योगाकडूनच. निरंजन यांचा मूळ मुद्दाही त्यात येतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये बॉनला रसायनांसाठी नवी जागतिक चौकट ठरली तेव्हा असं काही होईल अशी आशा होती. झालं ते स्वेच्छानिधी. जर्मनीने २ कोटी युरो जाहीर केले, चांगलंच केलं. पण ११५० कोटींशेजारी २ कोटी ठेवून बघा.

निरंजन_३

मंदार, हा आकार मला पहिल्यापासून पटण्यासारखा आहे. माझं म्हणणं आता असं मांडतो: सरकारी अनुदान द्यावं, पण ते आकार लागू होईपर्यंतचा पूल म्हणून. उद्योगाने त्याकडे कायमची सवलत म्हणून बघता कामा नये. आणि अनंतफंदांचं ऐकल्यावर अशी अट घालाविशी वाटते की प्रकल्प संपल्यावरची दहा वर्षं देखभाल कोण करणार हे लिहून दिल्याशिवाय यंत्र घेऊ नये.

सुहासिनी

निरंजन, अट योग्य आहे, पण दोन प्रकारची कामं वेगळी ठेवा. प्रयोगशाळेच्या यंत्राला अट घाला. जिथे मुलं आत्ता विष खातायत तिथे दहा वर्षांच्या हमीपत्रासाठी थांबू नका. बागेगासारख्या गावाला आधी माती उचलून द्या, कागद नंतर.

रानवारा

सगळ्यांचे आभार, धागा काढला तेव्हा माझ्याकडे होतं त्याहून बरंच हाती लागलं. सुहासिनी यांची विभागणी मला पूर्ण पटते.

अजून एक मुदत जवळ आली आहे म्हणून सांगतो. स्टॉकहोम करारानुसार पीसीबी असलेली उपकरणं, म्हणजे मुख्यतः जुने ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर, २०२५ पर्यंत वापरातून काढायची होती, आणि त्यांतलं तेल आणि कचरा २०२८ पर्यंत सुरक्षितपणे नष्ट करायचा आहे. ज्या देशांकडे पीसीबी जाळायची भट्टी नाही त्यांना ते तेल जहाजाने दुसऱ्या देशात पाठवावं लागतं, आणि त्याचा खर्च त्यांच्या वीज मंडळांना झेपत नाही. उपकरण बंद करून आवारात ठेवलं की कागदावर पहिली मुदत पाळली जाते. तेल मात्र आतच असतं आणि पत्रा गंजत असतो.

टिटवी

एखादा प्रकल्प प्रत्यक्षात कसा झाला हे आपल्यासारख्यांना कुठे बघता येतं?

अनंतफंदा

जीईएफच्या संकेतस्थळावर प्रकल्पांची यादी आहे, देश आणि विषयानुसार शोधता येते. संपलेल्या प्रकल्पांची अंतिम मूल्यमापनं त्यांच्या स्वतंत्र मूल्यमापन कार्यालयाकडे असतात. अहवाल लांबलचक असतात. मी आधी 'शाश्वतता' हा भाग उघडतो. प्रकल्पानंतर पैसे कुठून येणार याबद्दल तिथे काय श्रेणी दिली आहे ते बघा, मग मागे जाऊन किती टन कचरा नष्ट झाला ते वाचा. मॉन्ट्रियल निधीच्या कार्यकारी समितीची कागदपत्रंही खुली आहेत आणि त्यात कारखान्यागणिक हिशेब सापडतो.

केतकी_म

मी पारा आणि सोन्याचे प्रकल्प घेते वाचायला. सुहासिनीताई शिशाच्या रंगांचे बघतील का? निरंजन, तुम्ही पीसीबीचे घ्या, तुमच्यासारखी शंका घेणारी नजर तिथे हवी. जे सापडेल ते याच धाग्यावर टाकू.

निरंजन_३

घेतो. दोन देशांपासून सुरू करतो, एक भट्टी असलेला आणि एक नसलेला.